पाटकरी कुणाचा

"नाव तुम्हीच ठेवलं होतं ना, सर?"

पाहुणा अजून ओट्यावर चढलाही नव्हता. पायात चपला, पाठीवर सॅक, आणि आल्या आल्या हा सवाल.

बाबा चिंचा फोडत होते. मीही फोडत होतो. फाल्गुनात आमच्या मठात हेच काम असतं, आणि कितीही मोठा माणूस आला तरी ते थांबत नाही.

'सर' हा शब्द मी या ओट्यावर एकोणीस वर्षांत ऐकला नव्हता. इथे त्यांना सगळे बाबा म्हणतात. दीक्षेचं नाव सहजनाथ. त्याआधी ते कोण होते, हे विचारायची आमच्याकडे रीत नाही. मी मठाचा भांडारी. पीठमीठ बघणं माझं काम. मीही कधी विचारलं नाही.

"चपला काढ," बाबा म्हणाले. "पाणी पी. मग विचार."

त्याने चपला काढल्या. पाणी प्यायला नाही.

श्रेणिक मगदूम नाव. वय तिशीचं. गाव वारणेच्या पलीकडचं. पुण्यात प्रोग्राम लिहायची चांगली नोकरी होती, ती सोडून गावी आलेला. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं, आणि आम्ही त्याच्या वाटेत आडवे बसलोय अशा सुरात सांगितलं.

"मी 'पाटकरी'बद्दल बोलतोय," तो म्हणाला. "तुम्ही पॉलिटेक्निकला शिकवत होता तेव्हाचं. माझ्या काकांनी सांगितलं, नाव मठातल्या बाबांनी ठेवलंय म्हणून."

बाबांनी एक चिंच फोडली. चिंचोका टोपल्यात टाकला.

"ठेवलं असेल."

आता पुढचं कळावं म्हणून थोडं सांगतो. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी पाळीपाळीने शेतांना सोडणारा माणूस. त्याच्याच नावाचं एक सॉफ्टवेअर वीस वर्षांपूर्वी इथल्या काही लोकांनी मिळून लिहिलं आणि फुकट वाटलं. कुणाच्या रानाला कधी आणि किती तास पाणी, याची यादी ते काढून देतं. कुणीही घ्यावं, बदलावं, पुढे द्यावं, असा त्याचा परवाना. पुढे ते एका कंपनीने चालवायला घेतलं. पाच वर्षं चालवलं, 'पाटकरी' हे नाव स्वतःचा ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घेतलं, आणि एक दिवस नवी आवृत्ती कुलपात घातली. श्रेणिकने शेवटची खुली आवृत्ती उचलून वेगळी चूल मांडली. तिचं नाव ठेवलं 'पाटकरी-मूळ'.

हे मला त्या दुपारी तुकड्यातुकड्याने कळलं. तुम्हाला एकदम सांगितलं, कारण मला कोडी घालायला आवडत नाही.

"कंपनीची नोटीस आलीय," श्रेणिक म्हणाला. "सोमवारपर्यंत नाव काढा. नाहीतर आमचं सॉफ्टवेअर जिथं ठेवलंय, ती जागाच बंद करायला लावणार. एकशे चाळीस पाणी संस्था आहेत त्यावर. पुढच्या आठवड्यात उन्हाळी आवर्तन सुटतंय. याद्या निघाल्या नाहीत तर दांडगा असेल तो पाटाचं दार फोडून पाणी घेणार, आणि पाटाच्या शेवटी टेलला असलेला शेतकरी कोरडा मरणार."

"आज शुक्रवार," बाबा म्हणाले. "नाव काढ. वेळ आहे."

"काढणार नाही."

...

"काढणार नाही," तो पुन्हा म्हणाला. यावेळी माझ्याकडे बघून, जणू नोटीस मीच पाठवली होती.

त्याने सॅकमधून एक कागद काढून चिंचांवर ठेवला. टाइप केलेलं पत्र. मी वाकून वाचलं. 'मी, सहजनाथ, पूर्वाश्रमीचा' आणि पुढे रिकामी जागा. मग, 'पाटकरी हे नाव मी दिले असून ते वापरण्याचा अधिकार श्रेणिक मगदूम यांना देत आहे.'

"जुनं नाव तेवढं भरा. खाली सही करा," तो म्हणाला. "वकील म्हणतो, या पत्रावर केस उभी राहते. नाव आधीपासून गावागावांत चालत होतं. त्यांनी नंतर येऊन नोंदवलं. आपण जिंकतो."

"किती वर्षांत?"

"... आठ. दहा."

"आवर्तन?"

"पुढच्या आठवड्यात."

बाबांनी कागद उचलला, त्याला लागलेली चिंच पुसली आणि बाजूला ठेवला. सही केली नाही, आणि नाही असंही म्हणाले नाहीत.

श्रेणिक उसळला. "पाटकरी हा शब्द काय त्यांच्या बापाचा आहे? माझा आजा म्हणत होता, पणजा म्हणत होता!"

"शब्द कुणाच्याच बापाचा नाही. म्हण की दिवसभर."

"मग?"

"तू म्हणत नाहीस. तू पाटी लावलीयस. त्यांच्या दुकानाला लागून."

"मग 'खरा पाटकरी' ठेवतो."

"लागूनच."

"'पाटकरी मुक्त'."

"भिंत तीच."

"थोडं वेगळं लिहितो. बोधचिन्ह बदलतो. त्यांचं फावडं निळं आहे, आमचं हिरवं करतो."

मला हसू आलं. बाबांना नाही आलं.

"मागल्या महिन्यात," बाबांनी विचारलं, "तुझ्या यादीत काही चुकलं होतं का?"

तो जरा थांबला. "एका गावात. तासांत गोंधळ झाला होता. एका रात्रीत दुरुस्त केलं."

"शिव्या कुणी खाल्ल्या?"

...

"सांग की."

"सेक्रेटरीने कंपनीला फोन लावला," श्रेणिक पुटपुटला. "त्याला वाटलं, ते आणि आम्ही एकच."

"म्हणजे चूक तुझी आणि शिव्या त्यांना."

"खाऊ देत! त्यांची लायकी तीच आहे."

खरं सांगतो, इथे मला पोरगा आवडायला लागला. घमेंडी होता, पण आतबाहेर एक होता.

त्याने पाण्याचा तांब्या उचलला, घटाघटा प्यायला आणि मोठ्याने ठेवला. "सर, तुम्हाला कल्पना नाही यात काय आहे. यात टेलच्या शेतकऱ्याचा वेळ पाटाचं दार उघडल्यावर सुरू होत नाही, पाणी त्याच्या बांधावर पोचल्यावर सुरू होतो. पोचेपर्यंतचे दोन तास त्याच्या पाळीतून जात नाहीत. असं दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरात आहे दाखवा! या एका गोष्टीसाठी मी नोकरी सोडली."

"चांगलंय," बाबा म्हणाले. "कुणी लिहिलं ते?"

"आहे त्यात. आधीपासून."

"कुणी?"

"... जुनं आहे. सुरुवातीचं."

"यंत्र आणलंयस?"

त्याने लॅपटॉप काढला. मी चिंचांची टोपली सरकवून जागा केली.

"ती फाईल उघड. सगळ्यात वरची ओळ वाच."

श्रेणिकने उघडली. वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"वर काही नाही. सरळ प्रोग्रामच सुरू होतो."

"दुसरी उघड."

दुसरी उघडली. तिसरी. बाबा न बघता एकेक चिंच फोडत होते. पाचव्या फायलीनंतर श्रेणिकचा हात मंदावला.

"वर एक ओळ असायची," बाबा म्हणाले. "प्रत्येक फायलीत. हे कुणी कुणी लिहिलं, त्यांची नावं. कुठं गेली?"

...

"मी काढली," श्रेणिक म्हणाला.

"कधी?"

"पहिल्या दिवशी. डोकं फिरलं होतं. त्या ओळीत शेवटी कंपनीचं नाव होतं. मला ते माझ्या घरात नको होतं. कंपनीचं नाव असेल ती ओळच उडवायची, अशी एक कमांड दिली. तीनशे बारा फायली होत्या. दोन सेकंदांत साफ."

"त्या ओळीत कंपनीच्या आधी कोण होतं?"

"... बघितलं नाही."

"परवाना वाचलायस?"

"पाठ आहे."

"म्हण."

त्याने म्हटला. परीक्षेत म्हणतात तसा, जमिनीकडे बघत. घ्या, बदला, वाटा, विका. अट एकच. आधीच्यांची नावं पुसू नका.

शेवटचं वाक्य त्याने अर्ध्यात सोडलं.

मी प्रोग्रामवाला नाही, पण मलाही कळलं. कंपनीच्या वकिलाला अजून दिसलं नव्हतं एवढंच. ज्या परवान्यावर हा उड्या मारत होता, तो यानेच मोडला होता. नाव याचं नव्हतं, ते छातीशी धरून बसला होता. सांभाळायची होती ती नावं कचऱ्यात टाकून आला होता.

"जुन्या प्रतीत आहेत ती," श्रेणिक घाईने म्हणाला. "काही गेलेलं नाही. एका कमांडमध्ये परत आणतो. दोन सेकंद."

त्याची बोटं पळायला लागली. बाबांनी लॅपटॉपच्या बटणांवर आपला चिंचेचा हात ठेवला. सगळा हात, पंजा पसरून. काळपट चिकट डाग उमटला.

"गेली दोन सेकंदांत. यायला वेळ लागू दे. वाच."

"कुणासाठी?"

"आम्ही दोघं आहोत की इथं."

त्याने जुनी प्रत उघडली. बाह्या सारल्या. वाचू लागला.

"ज्ञानू भाऊ पाटोळे."

"पाटकरी," बाबा म्हणाले. "खरा. चौतीस वर्षं कालव्यावर. पाळ्यांच्या त्याच्या वह्या होत्या, त्यावरूनच पहिली यादी केली. पुढं."

"सुशीला आवटी."

"टायपिंगच्या बाई. वह्यांतलं अक्षर फक्त त्यांना लागायचं."

"याकूब दस्तगीर मुल्ला."

"टेलच्या पंपावर होता. एक दिवस वर्गात येऊन माझ्यावर ओरडला. तुमचं घड्याळ दारात चालतंय, माझ्या बांधावर पाणी दोन तासांनी येतंय, ते दोन तास कुणी खाल्ले?"

श्रेणिकने मान वर केली.

"ते दोन तास याकूबचे आहेत," बाबा म्हणाले. "तू ज्याच्यासाठी नोकरी सोडलीस ते."

माझ्या हातातली चिंच तशीच राहिली होती. ज्ञानू पाटोळेला मी लहानपणी पाहिलं होतं, गुडघ्यापर्यंत चिखलात, खांद्यावर खोरं. त्याचं नाव कुठल्या यंत्रात लिहिलेलं असेल, असं मला सात जन्मांत वाटलं नसतं. आणि ते पुसलं गेलं होतं, हे ऐकून मला त्या पोराचा मनापासून राग आला.

"पुढं," बाबा म्हणाले.

"शंकर रामू बुरुड." श्रेणिक थांबला. "हे कोण?"

...

"होता एक. पॉलिटेक्निकला."

श्रेणिकची नजर बाजूच्या पत्राकडे गेली. पत्रातल्या रिकाम्या जागेकडे. मग बाबांकडे.

मी चिंच टोपलीत ठेवली. एकोणीस वर्षं मी या माणसाला भाकरी वाढतोय, आणि त्याचं नाव मला आज एका परक्या पोराच्या तोंडून कळलं होतं.

"पण तुम्ही तर नाव सोडलंय," श्रेणिक म्हणाला. आवाज खाली आला होता, तरी वाद सोडला नव्हता. "दीक्षा घेताना सोडलं. मग ते इथं असलं काय, नसलं काय?"

"मी माझं सोडलं," बाबा म्हणाले. "तूही माझंच सोडलंस. ज्ञानूचं सोडलंस, याकूबचं सोडलंस. तुझं काय सोडलंस?"

...

श्रेणिकचे कान लाल झाले होते.

बराच वेळ त्याने एकेक फाईल उघडली आणि ओळ परत घातली. कमांड वापरली नाही. दहाबारा फायलींनंतर बाबाच म्हणाले, "बास. आता यंत्राला सांग." तेव्हा वापरली. पण वापरण्याआधी थांबला.

"शेवटी कंपनीचंही नाव आहे."

"हं."

"ते पण ठेवू? ज्यांनी मला नोटीस पाठवली त्यांचं?"

"पाच वर्षं त्यांनी काम केलं?"

"... केलं. वाईट नव्हतं."

"मग?"

"सर, ते माझ्या गळ्यावर पाय देतायत!"

"भांड त्यांच्याशी. कोर्टात जा, रस्त्यावर जा. मी येतो तुझ्याबरोबर. पण केलेलं काम केलं म्हणायला जीभ अडत असेल, तर तू त्यांच्याहून वेगळा कशाला झालास?"

श्रेणिकने कंपनीचं नाव परत घातलं. दात आवळून घातलं, मी बघत होतो. बटण असं दाबलं की लॅपटॉप हलला.

मग त्याने 'पाटकरी-मूळ'कडे बघितलं. पाटीकडे.

"हे काढलं की आम्हाला कोण ओळखणार? लोकांना पाटकरी माहीत आहे. बाकी नाव ठेवलं तर कुत्रं विचारणार नाही."

"खाली लिही की. पाटकरीच्या खुल्या आवृत्तीतून निघालंय म्हणून. कंपनीशी संबंध नाही म्हणून."

"तेवढं चालतं?"

"खोटं आहे का?"

"नाही."

"मग कुणाला विचारायचंय?"

"आणि वर काय लिहू? वर!" श्रेणिक आता खरंच तापला होता. "त्यांनी अख्खा पाट घेतला. मला काय उरलं? पोटचारी? पोटचारी ठेवू?"

हे तो कुजकेपणाने बोलला. मोठ्या पाटातून फुटून थेट रानापर्यंत जाते ती बारकी चारी म्हणजे पोटचारी. तिला कुणी नकाशात धरत नाही. पण पिकाच्या मुळाशी पाणी जातं ते तिच्यातूनच.

बोलून झाल्यावर त्याने तोच शब्द पुन्हा एकदा हळू म्हणून बघितला.

...

"शोध," बाबा म्हणाले.

"काय?"

"आधी कुणी ठेवलंय का. पुन्हा नोटीस घेऊन ओट्यावर येऊ नकोस. चिंचा संपल्या असतील तोवर."

रेंज आमच्याकडे फक्त औदुंबराच्या पाराजवळ मिळते. श्रेणिक लॅपटॉप हातावर धरून तिकडे गेला. ट्रेडमार्कच्या सरकारी यादीत शोधलं, जिथे सॉफ्टवेअरं ठेवतात तिथे शोधलं, इंटरनेटवरचा पत्ता मोकळा आहे का तेही बघितलं. परत आला तेव्हा चालण्यात फरक पडला होता.

"कुणाचंच नाही," तो म्हणाला. "या धंद्यात तरी."

मग तो बसला आणि जुनं नाव काढायला लागला. या वेळी आंधळी कमांड दिली नाही. पाटीवरचं काढलं, पडद्यावरचं काढलं, हिरवं फावडं काढलं. फायलींच्या माथ्यावरच्या ओळी आल्या की थांबायचा, वाचायचा, तशाच ठेवायचा. एकदोनदा मला विचारलंही, "आवटी ऱ्हस्व की दीर्घ, भाऊ?" मला काय माहीत? पण विचारलं, हे मला बरं वाटलं.

उन्हं ओट्यावरून उतरली. मी चहा आणला. त्याने पाराजवळ जाऊन सगळं 'पोटचारी' नावाने वर चढवलं, एकशे चाळीस संस्थांना निरोप पाठवला आणि कंपनीला दोन ओळी लिहिल्या. नाव बदललं आहे. परवाना तोच आहे. माफी मागितली नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "कशाबद्दल मागू?"

याद्या निघणार होत्या. टेलला पाणी पोचणार होतं. पोराचा चेहरा मात्र अजून भांडणाचाच होता.

"मी हरलो असं समजू नका, सर."

"कोण म्हणालं?"

"त्यांनी नाव ठेवून घ्यावं. आम्ही काम ठेवून घेतलं. वर्षात बघा, कुणाच्या बांधावर कोण असतं ते."

बाबा शेवटची चिंच फोडत होते. सही न केलेलं पत्र त्यांनी श्रेणिकच्या सॅकवर ठेवलं.

"तुझ्याशी भांडून उद्या कुणी निघाला तर?"

"निघू दे."

"तुझं सगळं लिहिलेलं घेऊन?"

"घेऊ दे की. परवाना तोच आहे. याकूबचे दोन तास घ्यावेत, माझी रात्रंदिवस केलेली कामं घ्यावीत. नावं पुसू नयेत, बास."

"दांडगा निघाला, तुझ्याहून चांगलं करतो म्हणाला तर?"

"करावं त्याने! मी अडवणार नाही."

"आणि म्हणाला, मी पण पोटचारीच नाव लावतो?"

"ते नाही!"

तो एवढ्या जोरात ओरडला की पारावरचे कावळे उडाले. मी दचकलो. श्रेणिक अर्धा उठला होता, मूठ वळलेली, तोंड उघडं. तसाच राहिला.

...

मग हळूहळू खाली बसला. मुठीकडे बघितलं. बाबांकडे बघायची हिंमत झाली नाही.

बाबांनी हात झटकले, पंच्याला पुसले आणि चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

"मग झालं बारसं."